बेवारस फळीवरचं डोकं

इनागाकी तोकुजी यांच्या नावानं पोस्टकार्ड आलं, तेव्हा इनागाकी तोकुजी यांना जाऊन सत्तर दिवस झाले होते. मेलेल्या माणसाला टपाल येतं यात नवल नव्हतं. विमा कंपनीचं येत होतं, शाळासोबत्यांचं येत होतं, एका शिंप्यानं तर उन्हाळी सुटावर सवलतही देऊ केली होती. असलं सगळं हात्सुए देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोपुढे दोन दिवस ठेवायची आणि मग रद्दीत टाकायची. हे कार्ड मात्र तिनं दारातच उभ्यानं दोनदा वाचलं. ‘आपलं काम भाजून तयार आहे. वर्षअखेरच्या साफसफाईपूर्वी घेऊन जावं, ही विनंती. इसोमुरा मातीकाम वर्ग, तोकोनामे.’ पत्ता बरोबर होता, नाव बरोबर होतं. नावातलं तिसरं अक्षर लोक हमखास चुकवत, तेही बरोबर होतं, म्हणजे लिहिणाऱ्याला ते त्यांनी स्वतः लिहून दाखवलं असणार. हात्सुएनं कार्ड फोटोपुढे ठेवलं नाही. एप्रनच्या खिशात घातलं आणि गॅसवरचं सूप उतू जाईपर्यंत ती खिशात हात घालून उभी राहिली.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तोकुजी दर गुरुवारी घराबाहेर पडत. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, पोटाचा दोन तृतीयांश भाग काढला होता, कचेरीतून लांबलचक रजा होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर गो खेळायला जातो, म्हणत. काळ्या-पांढऱ्या गोट्यांचा खेळ, बसून खेळायचा, दमायचं काही कारण नाही, म्हणून तिनंही हरकत घेतली नव्हती. खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. आठवड्यात तेवढा एक दिवस तिला न्हाणीघराचा नळ सोडून पोटभर रडता येई. पण वाचनालय घरापासून दहा मिनिटांवर आणि तोकोनामे आगगाडीनं पाऊण तासावर. आता कार्ड खिशात चुरगळत तिला एकेक आठवायला लागलं. गुरुवारी त्यांची नखं फार स्वच्छ असत. गो खेळून आलेल्या माणसाला नखं घासून यायची काय गरज? एका गुरुवारी संध्याकाळी बेसिनच्या कडेला तांबूस ओघळ दिसला होता. रक्ताची उलटी झाली आणि हे आपल्याला सांगत नाहीत, असं समजून तिनं तोंडाला टॉवेल लावून तो पुसून काढला होता आणि बाहेर येऊन विचारलं होतं, ‘काय हो, जिंकलात की हरलात?’ ‘हरलो,’ तोकुजी म्हणाले होते. ते नेहमी हरत. इतकं हरणारा माणूस दर गुरुवारी इतक्या उत्साहानं कशाला जातो, हे तिनं तेव्हा विचारलं नाही याचा आता तिला संताप आला. शंका ही मोठी टापटिपीची बाई असते. एकदा घरात शिरली की प्रत्येक कपाट उघडून बघते.

पुढच्याच गुरुवारी ती तोकोनामेला गेली. वर्ग म्हणजे एक जुना कारखाना होता. पूर्वी तिथे जमिनीखाली घालायचे मातीचे नळ बनत. आता नळ सिमेंटचे झाले आणि कारखान्यात बायकाबापड्या फुलदाण्या करायला येऊ लागल्या. आत आठ-दहा जण लांब टेबलांशी माना खाली घालून बसले होते. ओल्या मातीचा वास येत होता, तिच्या बेसिनमध्ये दिसली होती तसलीच तांबडी माती. दाराजवळ एक फळी होती, तिच्यावर कागद चिकटवलेला: ‘न नेलेल्या वस्तू’. एक बशी, एक वाकडं मांजर, दोन पेले, आणि त्यांच्या मागे भाजून तांबडं झालेलं एका बाईचं डोकं. खऱ्या डोक्याहून लहान. नाक जाडं, कान जागा चुकून खाली आलेले, केस म्हणजे मागे थापलेला गोळा. सगळं शिकाऊ हातचं, सगळं ओबडधोबड. तोंड तेवढं नव्हतं. तोंडावर कोणीतरी जीव ओतला होता. बाई हसत होती आणि तिच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला होता, जणू हसू तिथे टाचणीनं अडकवून ठेवलं आहे. कपटी हसू, हात्सुएच्या मनात आलं. काहीतरी लपवणाऱ्या बाईचं हसू. डोक्याच्या मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती, तिच्यावर ‘इनागाकी’ असं लिहिलेलं तिनं लांबूनच वाचलं.

“काय हवंय बाई?” एक म्हातारे गृहस्थ हात पुसत पुढे आले. पंजा इतका रुंद, की हात्सुए आधी पंजाकडेच बघत राहिली. हेच इसोमुरा मास्तर. त्या क्षणी तिनं कार्ड काढून दाखवलं असतं, डोकं कापडात गुंडाळून घरी नेलं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण विधवेसमोर सगळे गोड बोलतात. फार सज्जन होते हो, म्हणतील, आणि मान खाली घालतील. सांत्वनाला आल्यासारखी बोलणारी माणसं तिनं सत्तर दिवस पाहिली होती. तिला मोकळ्या तोंडानं बोलणारी माणसं हवी होती. “शिकायचं होतं,” ती म्हणाली. “सुगिउरा हात्सुए माझं नाव.” माहेरचं आडनाव तीस वर्षांनी तोंडात आलं आणि नव्या चपलेसारखं जरा चावलं. मास्तर म्हणाले, “नखं कापून या.”

तर अशी ती शिकायला लागली, शिकायची इच्छा नसताना. पहिल्या दिवशी नुसती माती मळायची होती. मास्तर मळत तेव्हा गोळ्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या दुमडी उमटत आणि गोळा गोल गोल फिरत राही. हात्सुएच्या हातात तोच गोळा हट्टी पोरासारखा पसरून बसे. “हवा राहते तुमच्या मातीत,” मास्तर तारेनं गोळा मधोमध कापून दाखवत. आत मुगाएवढी पोकळी असे. “ही भट्टीत गेली की ठो. तुमचं तर फुटेलच, शेजारच्याचंही फोडेल.” मग अंगठ्यानं गोळ्यात खड्डा करून, चिमटीनं दाबत दाबत वाटी वाढवायला शिकली. मग लांब वळ्या करून एकीवर एक चढवायला. मास्तर म्हणत, भिंतीची जाडी डोळ्यांना कळत नाही, एक हात आत घाला, एक बाहेर, आणि बोटांना विचारा. ती डोळे मिटून बोटांना विचारी. उघड्या डोळ्यांनी मात्र ती वर्गातल्या बायका बघत असे.

बायका होत्या पाच. एक सत्तरीची, ती बाद. दोघी बहिणी, त्या यंदाच्या ऑगस्टपासूनच येऊ लागलेल्या, त्याही बाद. एक शाळामास्तरीण होती, तिला हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं. उरली मिझुनोबाई. स्टेशनाजवळ तिचं नूडलचं दुकान होतं, नवरा सोडून गेलेला की तिनंच हाकललेला, यावर वर्गात दोन पक्ष होते. वय पन्नास, आवाज भसाडा, मान गोरी. वरच्या ओळीत डावीकडे तिचा एक दात वाकडा होता आणि हसली की ओठाचा तो कोपरा दातावर अडकून वर जाई. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हात्सुएच्या हातातली वळी तुटली. “सावकाश, सुगिउराबाई,” मिझुनोबाई म्हणाली. “माती म्हणजे काय नवरा आहे, असा पिरगाळायला?” सगळे हसले. हात्सुएही हसली. त्या दिवशी घरी जाताना आगगाडीच्या डब्यातल्या गरम वाऱ्यात तिला घाम फुटला होता आणि एकाच वेळी हलकंही वाटत होतं. सापडली, असं तिला वाटलं. इतके दिवस ज्याला काही नाव नव्हतं, त्याला आता मान होती आणि दात होता.

पुरावे मग आपोआप मिळत गेले, ते मिळतातच. भिंतीवरच्या खिळ्याला तोकुजींचं आडनाव लिहिलेला जुना एप्रन अजून टांगलेला होता, हात्सुएनं कधीही न पाहिलेला. त्याचा फाटलेला खिसा निळ्या दोऱ्यानं शिवला होता, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. कोणी शिवला? मिझुनोबाई उकडलेला मुळा आणायची, तो मऊ, बिनतिखट, पोट कापलेल्या माणसालाही पचावा असा. कोणासाठी असा करायची सवय लागली होती? एकदा तर मिझुनोबाईनं फळीवरची धूळ झटकताना ते डोकं उचललं, फडक्यानं त्याचं तोंड पुसलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. बशी पुसली नाही, मांजर पुसलं नाही. हात्सुएनं धीर करून विचारलं, “कोणाचं हो ते?” “इनागाकीसाहेबांचं,” ती म्हणाली. “मागच्या हिवाळ्यात यायचे. आजारी होते. बहुतेक गेले असावेत.” आणि तिनं पाठ फिरवली. बहुतेक! एवढ्या सहज! हात्सुएला वाटलं, उठून सांगावं, तीन एप्रिलला सकाळी गेले, माझ्या हातात हात होता, तुझ्या नव्हे. पण ती सुगिउराबाई होती. सुगिउराबाईचा नवरा जिवंत होता, तब्येत ठणठणीत होती आणि दर गुरुवारी तो गो खेळायला जात होता. तिनंच तसं पहिल्या आठवड्यात सर्वांना सांगितलं होतं. खोटं बोलायला तिला काही अडचण आली नव्हती. त्या कामाची तिला अकरा महिन्यांची सवय होती.

ते अकरा महिने तिला आठवायचे नसत, पण वळ्या करताना हात रिकाम्या डोक्यानं चालतात आणि रिकाम्या डोक्यात नको तेच शिरतं. डॉक्टरांनी तिला एकटीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं होतं. फरशीला नुकतंच मेण लावलेलं होतं, तिच्या सपाता चिकटत होत्या. “आतड्यापर्यंत गेलाय. वर्ष, फार तर,” डॉक्टर म्हणाले, आणि लगेच, “त्यांना अल्सर सांगू. तुम्हीही तसंच म्हणा.” तेव्हा रीतच ती होती. रोग्याला सांगत नसत, घरच्यांना सांगत, आणि घरच्यांनी धोंडा छातीवर घेऊन हसत राहायचं. तिनं वेगळं केलं असतं तर लोकांनी तिला निर्दय म्हटलं असतं. दारापाशी ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग आत गेली आणि म्हणाली, “अल्सरच आहे म्हणे. उगाच घाबरलो.” लगेच ती फळं सोलायला बसली. तोकुजी तेव्हा खिडकीबाहेर बघत असावेत, कारण ते म्हणाले होते, “समोरच्या गच्चीवर मासे उतरवताहेत बघ.” मुलांच्या सणाला काठीवर लावतात ते कापडी मासे. तिनं पाहिलं नाही. ती सुरीकडे बघत होती. त्यानंतर अकरा महिने तिनं अल्सर सांभाळला. सासरच्यांना पढवलं, लेकीला पढवलं, पेपरात कर्करोगावर काही छापून आलं की ते पान आधीच काढून त्यात भाजी गुंडाळली. एकदाही चुकली नाही. त्यांना काही कळलं नाही, सुखानं गेले, असं तिनं लोकांना सांगितलं आणि स्वतःलाही. आयुष्यात तिनं एकच काम इतकं चोख केलं होतं. म्हणून तर ते डोकं तिला सहन होत नव्हतं. मी इकडे छाती फोडून घेत होते आणि हे तिकडे कोणाचं तोंड घडवत होते?

ऑक्टोबरात मास्तर म्हणाले, “आता डोकं करा. शिकाऊ माणसाला शेवटचं काम तेच. फोटो बघायचा नाही, आठवणीतून करायचं.” पद्धत अशी होती: डोकं आधी भरीव करायचं. जरा सुकून कातड्यासारखं झालं, की तारेनं कानामागून उभं कापून दोन भाग करायचे आणि आतली माती कोरून बोटभर जाडीची कवची ठेवायची. मग कडा काट्यानं ओरखडायच्या, पातळ चिखल लावायचा आणि भाग पुन्हा जुळवायचे. एकट्यानं होत नाही, अर्धं डोकं धरायला जोडीदार लागतो. “आणि जोडण्याआधी,” मास्तर म्हणाले, “आत काहीतरी लिहायचं. खिळ्यानं. जे बाहेर लिहिता येत नाही ते. नळाच्या कारखान्यात आम्ही लिहायचो. निम्म्या नागोया शहराखाली मुकादमाला दिलेल्या शिव्या पुरल्या आहेत.” “आणि मास्तरांच्या तेव्हाच्या मैत्रिणींची नावं,” मिझुनोबाई म्हणाली. “जोडीदारानं तोंड फिरवायचं,” मास्तरांनी तिच्याकडे लक्ष न देता सांगितलं. “वाचायचं नाही. कधीच.” हात्सुएची नजर फळीकडे गेली. म्हणजे त्या डोक्याच्याही आत काहीतरी होतं. “इनागाकीसाहेबांचे जोडीदार कोण होते?” तिनं विचारलं. आवाज तिच्या मानानं बरा साधा निघाला. “मी,” मिझुनोबाई म्हणाली.

तेव्हापासून तिची झोप उडाली. आत नाव आहे, याबद्दल तिला शंका नव्हती, फक्त ते डोळ्यांनी बघायचं होतं. दोनदा ती गाडी आधीची धरून वर्गाला लवकर आली, पण मास्तर दाराशीच माती चाळत बसलेले. एकदा फळीपाशी गेली, डोकं जरासं कलतं केलं, तर मानेचं भोक जेमतेम दोन बोटांचं आणि आत काळोख. “मान किती बारीक केलीय,” मागून मास्तर म्हणाले, आणि तिनं हात काढून घेतला. नेऊ म्हणावं तर सुगिउराबाईचा इनागाकींच्या वस्तूवर काय हक्क? स्वतःच्याच लबाडीत ती अशी अडकली होती. आणि वर्षअखेरच्या साफसफाईत बेवारस फळीवरचं सगळं हातोड्यानं फोडून भरड करत आणि ती भरड नव्या मातीत मिसळत. भाजलेल्या मातीची भरड घातली की कच्ची माती तडकत नाही म्हणे. म्हणजे पुढच्या वर्षी कोणाच्या तरी फुलदाणीत ती बाई विरघळून जाणार आणि नावही जाणार. कधी हात्सुएला वाटे, जाऊ दे, बरंच झालं. कधी वाटे, आपणच हातोडा मागून घ्यावा. तिच्या स्वतःच्या टेबलावर एका पुरुषाचं डोकं वाढत होतं. कोणाचं, असं विचारलं तर ती ‘असंच’ म्हणे. कपाळ चांगलं आलं, कानांच्या लांब पाळ्या आल्या, झोपून झोपून चपटा झालेला मागचा भागसुद्धा आला. तोंड काही येईना. चार वेळा केलं आणि चार वेळा लाकडी पट्टीनं खरवडलं. शेवटी तिनं ते तसंच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

डिसेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी साफसफाई झाली. सगळ्यांनी डोक्याला फडकी बांधली, टेबलं बाहेर काढली, मास्तरांनी अंगणात पोतं अंथरलं आणि हातोडा घेऊन बसले. मिझुनोबाई फळीवरून एकेक वस्तू उचलून त्यांच्याकडे देत होती आणि तोंडाचा पट्टाही चालू होता. बशी फुटली. वाकडं मांजर दोन घावांत गेलं. हात्सुए झाडू घेऊन दारात उभी होती. “सुगिउराबाई,” मिझुनोबाई ते तांबडं डोकं दोन्ही हातांत घेऊन वळता वळता म्हणाली, “नव्या वर्षात एकदा तुमच्या मालकांना आणा की दुकानात. नूडल माझ्याकडून. सारखे गो खेळतात, कधी दिसत नाहीत. बरे आहेत ना?”

“बरे आहेत की,” हात्सुए म्हणाली, आणि हसली. “छान खातात, पितात. काही काळजी नाही.”

मिझुनोबाई थांबली. तिनं हातातल्या डोक्याकडे पाहिलं, मग हात्सुएकडे, मग पुन्हा डोक्याकडे. मास्तरांनी हात पुढे केला होता. “थांबा हो मास्तर,” ती म्हणाली. तिचा भसाडा आवाज एकदम उतरला होता. “बाई, पुन्हा म्हणा.”

“काय?”

“आत्ता म्हणालात ते. मालक बरे आहेत, ते.”

“बरे आहेत,” हात्सुए म्हणाली. आपला डावा गाल आपोआप वर ओढला जातो आहे, हे तिला जन्मात पहिल्यांदा जाणवलं. ती तो खाली आणू पाहत होती आणि तो येत नव्हता.

“इनागाकीबाई,” मिझुनोबाई म्हणाली.

अंगणात बाकीच्या बायका बादल्या घेऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी हातोडा पोत्यावर ठेवला आणि, शहाणा माणूस, सगळ्यांना पाणी आणायला पिटाळलं. मिझुनोबाईनं हात्सुएला उलट्या पिंपावर बसवलं, स्वतः शेजारी बसली, डोकं मांडीवर. “आई गं, कशी नाही ओळखली मी! नाक तेवढं त्यांनी माझंच करून ठेवलं हो, समोर बसलेली असायची ना. आणि तुम्ही असं हसला नाहीत कधी इथे. आमच्या विनोदांवर दोन्ही बाजूंनी हसता.” मग मांडीवरच्या डोक्याच्या ओठावर बोट ठेवून म्हणाली, “ह्या कोपऱ्यानं तीन आठवडे खाल्ले त्यांचे. करायचे, खरवडायचे. मी म्हटलं, अहो द्या सोडून, हसतेय ना, झालं. तर म्हणाले, नुसती हसत नाही, खोटं बोलतेय. बोलताना हा कोपरा वर जातो तिचा. तिला माहीत नाही.”

“कशाबद्दल खोटं?” हात्सुएनं विचारलं, जणू तिला माहीत नव्हतं.

“ते नाही बोलले. मीही नाही विचारलं. एवढंच म्हणाले, फार मेहनतीनं बोलते हो बिचारी, मला कळलंय असं दाखवलं तर तिची मेहनत फुकट जाईल.” मिझुनोबाईनं नाक पुसलं. “एप्रनचा खिसा तेवढा मी शिवला बरं का. सगळ्यांचेच शिवते, तुमचाही शिवलाय मागच्या महिन्यात, बघा.” हात्सुएनं बघितलं. स्वतःच्या खिशावर निळे टाके होते, तिनं महिनाभर ते पाहिलेच नव्हते.

डोकं तिच्या मांडीवर आलं तेव्हा तिला प्रथम राग आला, रडू नव्हे. भयंकर राग. न्हाणीघरात नळ सोडून ती रडत होती आणि तिकडे तोकोनामेत हा माणूस सगळं जाणून शांत बसला होता. ‘हरलो’ म्हणत होता. पेपरातून तिनं काढलेल्या पानांची रिकामी जागा त्याला दिसत होती. दोघांनाही ठाऊक होतं, दोघंही एकाच टेबलाशी जेवत होती, आणि एकमेकांना सांभाळण्याच्या नादात निरोपाचं एक वाक्य कोणी कोणाशी बोललं नाही. अकरा महिने होते. अकरा महिन्यांत काय काय बोलता आलं असतं! की अकरा नव्हते? शेवटी शेवटी कळलं असेल, दुखणं वाढल्यावर? ऑपरेशननंतर कोणी बोलून गेलं असेल? केव्हापासून? तिला एकाएकी दुसरं काही नको होतं, तेवढंच हवं होतं. तिनं डोकं उलटं केलं आणि मानेच्या भोकात दोन बोटं घातली.

डोळ्यांनी दिसत नाही ते बोटांना विचारायला ती सहा महिने शिकली होती. कवचीची भिंत खरखरीत होती, कोरण्याचे पट्टे लागत होते, एका ठिकाणी अंगठ्याचा खळगा, तोकुजींच्या अंगठ्याचा, तिच्यापेक्षा रुंद. त्याच्या वर, कपाळाच्या मागच्या अंगाला, बोटांची टोकं जेमतेम पोचत होती तिथे खिळ्याचे ओरखडे होते. नाव नव्हतं. तिनं डोळे मिटले. एक आकडा, मग बारीक रेघ, मग दुसरा आकडा. पाच. सहा. पुन्हा चाचपलं. पाचव्या महिन्याची सहा तारीख. त्यापलीकडे बोट सपाट भिंतीवरून घसरत होतं.

कोणाचा वाढदिवस नव्हता, लग्नाचा दिवस नव्हता. तिच्या नाकात फरशीच्या मेणाचा वास आला. मुलांचा सण पाच मेला. मासे दुसऱ्या दिवशी उतरवतात.

पहिल्या दिवशीच. ती दारातून आत आली, ‘अल्सरच आहे म्हणे’ म्हणाली आणि हसली, तेव्हाच. डॉक्टरांनी नाही, दुखण्यानं नाही, कोणीच नाही. तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यानं त्यांना सांगून टाकलं होतं, आणि मग ते खिडकीकडे वळून माशांबद्दल बोलले होते.

नवं वर्ष उजाडलं, सणाला कुटतात त्या चिकट भाताच्या लाद्या खाऊन झाल्या, आणि दुसऱ्या गुरुवारी हात्सुए इनागाकी या नावानं वर्गाला आली.  हजेरीच्या पाटीवरचं नाव मास्तरांनी बदललेलं होतं. तिनं आपण केलेल्या मातीच्या डोक्यावरचं ओलं फडकं सोडलं. माती कातड्यासारखी झाली होती, आता थांबून चालणार नव्हतं. तोंड अजून कोरंच होतं. तिनं लाकडी पट्टी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. त्या दिवशी त्यांचं तोंड कसं दिसत होतं? ओठ मिटले असतील? तेही हसले असतील, त्यांचाही कुठला कोपरा वर गेला असेल? तीस वर्षांत तिनं त्यांचं हसू हजारदा पाहिलं होतं, खोटं हसू कधी ओळखलं नव्हतं, आणि ज्या दिवशी ते समोर होतं त्या दिवशी ती फळ सोलत होती. “तोंड येत नाही मास्तर,” ती म्हणाली. मास्तरांनी मातीला बोट लावून बघितलं. “नाही येत तर नाही येत,” ते म्हणाले. “कोरायला घ्या. सुकेल.”

तिनं तार धरली आणि कानामागून खाली ओढली. डोकं दोन भागांत उघडलं. मिझुनोबाईनं चेहऱ्याचा भाग कापलेली बाजू वर करून दोन्ही तळव्यांत धरला, हात्सुए तारेच्या कोरण्यानं आतली माती काढत गेली, कपाळामागून, डोळ्यांमागून, कोऱ्या तोंडामागून, अधूनमधून बाहेरून बोट लावून जाडी बघत. कवची बोटभर झाली. तिनं खिळा उचलला. मिझुनोबाईनं, वास्तविक तिच्याएवढी चौकस बाई तोकोनामेत दुसरी नव्हती, तोंड खिडकीकडे फिरवलं आणि डोळेही मिटून घेतले.

काय लिहायचं ते हात्सुएनं पंधरा दिवस घोळवलं होतं. पुष्कळ होतं, रागाचं होतं, माफीचं होतं. खिळा टेकवल्यावर त्यातलं एकही आलं नाही. तिनं तारीख लिहिली, तीच. आणि तिच्याखाली, लहान अक्षरात, ओळ वाकडी जात असताना: ‘मी तुमच्याकडे बघितलंच नाही.’

“झालं?” मिझुनोबाईनं डोळे न उघडता विचारलं.

“झालं.”

मग दोघींनी कडा ओरखडल्या, चिखल लावला आणि दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरले. सांध्यातून बाहेर आलेला चिखल हात्सुएनं अंगठ्यानं पुसून घेतला आणि सांधा दिसेनासा होईपर्यंत ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली.